कुंपणापर्यंतचं एकमत

कुरिंबात सभागृहाच्या आत कुणी कधी 'नाही' म्हणत नाही. 'नाही' म्हणायची जागा बाहेर, गाड्या लावतात तिथे. आत आपला चहा, खोबऱ्याच्या किसात घोळवलेले लॅमिंग्टन केक, 'छान आहे', 'हरकत नाही', 'बघू की'. सभा संपली की माणसं आपापल्या पिकअपला टेकून उभी राहतात, हातातल्या किल्ल्या खुळखुळवतात आणि घरी जायचं नाव काढत नाहीत. खरी सभा तेव्हा सुरू होते. "तसं माझं काही म्हणणं नाही, पण..." असं कुणीतरी म्हणतं आणि त्या 'पण'च्या पुढे गावाचं सगळं राजकारण असतं.

नोला पेटिफरला हे कुणी शिकवायला नको होतं. अर्धं आयुष्य तिने शाळेची बस चालवली होती. आज सभेत मान डोलावणारे निम्मे लोक एके काळी तिच्या बसच्या मागच्या बाकावर एकमेकांच्या डब्यातले पाव पळवत असत, आणि ती समोरच्या आरशातून एक नुसती नजर टाकायची की जागच्या जागी बसत. आवाज चढवायचा नाही, गाडी थांबवायची आणि सगळे गप्प होईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसायचं, ही तिची पद्धत. ती अजून चालत होती.

तिला हवी होती ती वाट तशी साधी होती. आगगाडी बंद पडून, रूळ उखडून नेऊन जमाना झाला, पण रुळांखालचा भराव गावामागून निघून थेट नदीवरच्या लाकडी पुलापर्यंत तसाच पडून होता. त्याच्यावर बारीक खडी दाबून बसवली की झाली वाट. चालणाऱ्यांची सोय, सायकलवाल्यांची सोय, बाबागाडी ढकलणाऱ्या आयांची सोय, असं ती सभेत सांगायची. मनातलं कारण मात्र एकच होतं, आणि ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसलेलं असायचं. तिचा नवरा क्लेम.

अर्धांगाचा झटका येण्याआधी क्लेम रोज नदीवर जायचा. मासे आणायचा असंही नाही. गळ टाकून बसायचा, संध्याकाळी रिकाम्या हाताने आणि चांगल्या मनाने परत यायचा. आता उजवा पाय ओढत चालावं लागे, तेही खोलीतल्या खोलीत. बॅटरीवर चालणारी चार चाकांची स्कूटर मिळाली होती, पण ती घेऊन जायचं कुठे? पेट्रोल पंपापर्यंत फूटपाथ, त्यापुढे हमरस्ता, आणि हमरस्त्यावर दुधाचे टँकर असे जातात की शहाण्या माणसाची टोपी उडावी. म्हणून क्लेम घरी बसे आणि नोला भोपळा कापायला लागली की म्हणे, "देठाकडून कापू नकोस गं." लग्न झाल्यापासून ती देठाकडूनच कापत होती. तेव्हा तो नदीवर असे, म्हणून त्याला ते कळलं नव्हतं.

तिचा त्याच्यावर जीव होता, त्यात कुणी शंका काढू नये. पण माणूस दिवसभर डोळ्यांसमोर असला की जीव लावणाऱ्यालाही धाप लागते. एकदा ती त्याला मोटारीने नदीवर घेऊन गेली. थर्मासमधला चहा दिला, मांडीवर शाल टाकली. तो तोंड पाडून बसला आणि परत येताना म्हणाला, "पाळण्यात घालून नेल्यासारखं वाटतं." पुन्हा तिने नेलं नाही. त्याला एकट्याला नदी हवी होती आणि तिला एकटीला दोन तास हवे होते. इतकंच सगळं.

आता सरकारकडे बागा आणि पायवाटांसाठी निधी होता, पण अट अशी की सर्व 'संबंधित घटकांचं' एकमत पाहिजे. बहुमत नाही, एकमत. एकमत नसेल तर पैसे शेजारच्या बेल्डूनला जातील. बेल्डूनला आधीच पोहण्याचा तलाव होता, त्यामुळे बेल्डूनचं नाव निघालं की कुरिंबाचे म्हातारेसुद्धा ताठ बसत. एकमत घडवायला नगर परिषदेने मेलबर्नहून एक बाई आणली. फेनेला तिचं नाव. केस आखूड, गळ्यात लाकडी मण्यांची माळ, आणि पिशवीत इतके रंगीबेरंगी चिकटकागद की शाळा उघडता आली असती.

फेनेलाने पहिल्याच सभेत एक रीत शिकवली. मत द्यायचं ते बोटांनी. पाच बोटं म्हणजे मनापासून होय. तीन म्हणजे चालवून घेईन. एक म्हणजे माझा मोठा आक्षेप आहे. आणि मूठ म्हणजे अडवलं, जागीच थांबा. "एक जरी मूठ वर आली तरी आपण पुढे जाणार नाही," ती गोड आवाजात म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात रॉजर बाल्कम उशिरा आत आला आणि गावाकडच्या रीतीने, गाडी चालवताना समोरच्याला करतात तसं, एक बोट वर करून सगळ्यांना रामराम केला. फेनेलाने लगेच फळ्यावर लिहिलं, 'एक मोठा आक्षेप.' ते खोडेपर्यंत चहाची वेळ झाली.

सभागृहाला पुढे पायऱ्या होत्या आणि उतरण नव्हती. सर्वांसाठी खुल्या वाटेची चर्चा त्यामुळे आत चालायची आणि क्लेम बाहेर गाडीत बसून रेडिओवर घोड्यांच्या शर्यती ऐकायचा. याची कुणाला गंमत वाटली नाही. क्लेमलाही नाही. त्याला गाडीतच बरं वाटे, कारण सभा सुटली की सगळे त्याच्याच खिडकीशी येत.

पहिल्या सभेत जवळजवळ सगळ्यांनी चार चार बोटं दाखवली. फेनेला खुलली. नोला मात्र कपबशा आवरता आवरता खिडकीतून बाहेर बघत होती. घोडेस्वारी क्लबची ट्रिश हॅल्डेन गाडीपाशी उभी राहून किल्ल्या खुळखुळवत होती.

नोला बाहेर गेली. हवेबद्दल बोलणं झालं. ट्रिशच्या आईच्या गुडघ्याबद्दल झालं. मग ट्रिश म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही गं, पण सायकली मागून आल्या की घोडी बिचकतात. उद्या एखादी पोर पडली तर?"

"बरोबर आहे तुझं," नोला म्हणाली. "घोड्यांना भरावाच्या खालून वेगळी वाट ठेवली तर?"

"मऊ मातीची?"

"मऊ मातीची."

"मग काय, प्रश्नच नाही," ट्रिश म्हणाली आणि अशी निघाली की जणू तिने कधी प्रश्न काढलाच नव्हता.

ओढा बचाव मंडळाचा एरल याचं प्रकरण नाजूक होतं. भरावाच्या कडेला एक रानऑर्किड उगवतं, हिरवं, करंगळीएवढं, वसंतात दोन आठवडे. ते एरलशिवाय कुणी पाहिलेलं नव्हतं. गावात काहींचं मत होतं की एरलनेही पाहिलेलं नाही. पण नोला त्याच्याबरोबर थंडीत, दंव पडलेल्या गवतातून, त्या जागेपर्यंत चालत गेली, वाकून रिकामी माती बघितली आणि म्हणाली, "किती सुंदर." एरलच्या डोळ्यांत पाणी आलं. वाट तिथे थोडी वळवायची ठरली आणि ऑर्किडला तारेचा कठडा ठरला.

उरला रॉजर.

रॉजर बाल्कमकडे गाई होत्या आणि पुलाच्या अलीकडचा भरावाचा शेवटचा तुकडा त्याने सरकारकडून गाई चारायला घेतलेला होता. पावसाळी दिवसांत सगळं कुरण चिखल होई तेव्हा गाई त्या भरावावर चढून उभ्या राहत. माणसं तिथून जायला लागली की गाई बिथरतील, दूध कमी होईल, कुणाचा तरी कुत्रा सुटेल, असं त्याला वाटत असणार. वाटत असणार एवढंच म्हणायचं, कारण रॉजर ते बोलत नव्हता. सभेत तीन बोटं दाखवायचा, सभा सुटली की क्लेमच्या खिडकीशी वाकून शर्यतींबद्दल बोलायचा.

आणि रॉजरला तोंडावर विचारणं नोलाला जमेना. क्लेम पडला तेव्हा दवाखान्यात त्याला नेलं ते रॉजरने, स्वतःच्या गाडीतून, गोठ्यातल्या कपड्यांनिशी. तेव्हापासून दर हिवाळ्यात तो जळाऊ लाकडांची एक खेप त्यांच्या अंगणात टाकून जायचा. पैसे काढले तर बहिऱ्यासारखं करायचा. अशा माणसाला 'तुझं कुरण दे' म्हणायला जीभ कशी रेटणार?

तरी एके दिवशी ती ताटलीभर ताजे भाजलेले स्कोन घेऊन त्याच्या गोठ्यावर गेलीच. दूध काढून झालं होतं, रॉजर नळीने जमीन धूत होता.

"स्कोन आणलेत," नोला म्हणाली.

"कशाला एवढं," रॉजर म्हणाला.

मग दुधाचा भाव झाला. गेल्या वर्षीचा पाऊस झाला. रॉजरच्या बहिणीचं घर विकणं झालं. दोन स्कोन संपले. शेवटी नोला म्हणाली, "ती फेनेला म्हणते वाट पुलापर्यंत झाली तर चांगलं."

"हं," रॉजर म्हणाला आणि नळी दुसऱ्या हातात घेतली. "क्लेमला हवीये का?"

इथे सरळ 'हो' म्हणायचं होतं. इतकी माणसं हाताळलेली बाई, पण इथेच तिने कच खाल्ली. "क्लेम काही मागतो होय कुणाकडे?" ती म्हणाली.

"नाही मागत," रॉजर म्हणाला. "हवं असतं तर बोलला असता." आणि तिच्या हातात त्याने मळ्यातला एक भला थोरला फ्लॉवर दिला. नोला तो काखोटीला मारून घरी आली आणि वाटभर स्वतःला शिव्या घालत राहिली. शाळेच्या पोरांना जे सरळ सांगता आलं ते या बाप्याला सांगताना आपली वाचा का बसली, हे तिला कळेना.

शेवटच्या सभेला सगळं गाव आलं. निधीसाठी अर्ज पाठवायचा तो शेवटचा दिवस. फेनेलाने भिंतीवर मोठा नकाशा लावला होता, त्यावर हिरव्या रंगाची वाट. घोड्यांची वेगळी वाट, ऑर्किडचा कठडा, दोन बाकं, पाण्याचा नळ. नोला चष्मा लावून जवळ गेली. हिरवी रेघ गावातून निघाली, ऑर्किडपाशी वळली, पुढे सरळ गेली आणि रॉजरच्या कुंपणाशी येऊन थांबली. तिथे एक छोटं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'निसर्गदर्शन स्थळ.'

"हे काय?" नोला म्हणाली.

"पहिला टप्पा," फेनेला म्हणाली. "रॉजरशी फार चांगलं बोलणं झालं. त्यांना काळजी होती, आपण ती ऐकून घेतली. आता सगळे पाचवर आहेत. कुंपणापाशी बाक टाकू, तिथून कुरणाचं दृश्य फार छान दिसतं."

"तिथून गाई दिसतात."

"हो ना," फेनेला आनंदाने म्हणाली.

नोला जागेवर जाऊन बसली. फेनेलाने मत मागितलं. सभागृहभर हात वर झाले, पाच पाच बोटं, ट्रिशची, एरलची, रॉजरची. रॉजरचं बोटं उघडणं जरा सावकाश होतं, पण पाच होती. गाव कधी नव्हे ते एक झालं होतं आणि चहा तयार होता. मग नोलाने हात वर केला. मूठ होती.

कुणाला आधी ते खरं वाटेना. फेनेलाने शिकवलं होतं खरं, पण मूठ बघायची पाळी तिच्यावरही आली नसावी. ती नोलाच्या हाताकडे बघत राहिली.

"नोला," ट्रिश हळूच म्हणाली, "खाली घे गं. चहा निवतोय."

"पाच वाजेपर्यंत अर्ज गेला नाही तर बेल्डून," मागून कुणीतरी म्हणालं.

"जाऊ दे बेल्डूनला," नोला म्हणाली. तिचा आवाज थरथरला आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "वाट नदीपर्यंत जायची होती. कुंपणाशी जाऊन गाई बघायला मला वाट नको. गाई मला खिडकीतून दिसतात. क्लेमला नदीवर जायचंय. दोन वर्षं तो माणूस माझ्या स्वयंपाकघरात बसलाय. इथल्या एकेकाची मी नाकं पुसलीत, आणि एकालाही हे दिसू नये?"

असं बोलणं त्या सभागृहात कुणी ऐकलं नव्हतं. माणसं बुटांकडे बघायला लागली. रॉजर उठून उभा राहिला, मानेपर्यंत लाल झालेला.

"मी क्लेमला विचारलं होतं," तो म्हणाला. "गेल्या सभेनंतर. खिडकीशी. म्हटलं, वाट माझ्या कुंपणाशी थांबली तर तुझं काही अडेल का? तो म्हणाला, काही नाही अडत गड्या. मग मी फेनेलाला सांगितलं. त्याने हरकत घेतली असती तर मी..."

नोलाची मूठ तशीच वर होती, पण तिच्यातलं बळ गेलं.

"मग आपण क्लेमनाच विचारू," फेनेला म्हणाली. "तेही संबंधित घटक आहेतच."

आणि सगळी सभा उठून पायऱ्या उतरून बाहेर गेली. कुणाच्या हातात कप, कुणाच्या हातात लॅमिंग्टन. क्लेम गाडीत बसला होता, शर्यत ऐन रंगात होती. चाळीसएक माणसं गाडीभोवती उभी राहिलेली बघून त्याने रेडिओ बारीक केला. फेनेला खिडकीशी उकिडवी बसली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "क्लेम. वाट. कुंपणापर्यंत. तुम्हाला चालेल?"

"मी लुळा झालोय पोरी, बहिरा नाही," क्लेम म्हणाला.

दोघंचौघं हसली. हसायला मिळालं म्हणून त्यांना सुटल्यासारखं झालं. रॉजर पुढे आला. "सांग गड्या," तो म्हणाला. "तुझ्या मनात असेल तर इथेच सांग." त्याचा चेहरा असा होता की त्याला 'हो' ऐकायचं आहे की 'नाही', हे त्यालाही माहीत नव्हतं.

क्लेमने रॉजरकडे बघितलं. मग नोलाकडे. आरशातून पोरांकडे टाकायची तशी एक नजर तिने त्याच्यावर टाकली, बोल रे बाबा, एकदा बोल. क्लेमने डावा हात खिडकीबाहेर काढला आणि पाचही बोटं उघडली.

"माझं कुठे काय अडतंय," तो म्हणाला. "चहा घ्या सगळे."

टाळ्या पडल्या. फेनेलाने डोळे टिपले. रॉजरने टाळ्या वाजवल्या नाहीत, तो बराच वेळ क्लेमच्या त्या हाताकडे बघत उभा होता. नोलाने मूठ सोडली आणि तीन बोटं दाखवली. चालवून घेईन. अर्ज वेळेत गेला.

दोघं घरी आली. अंगणात गाडी थांबली तरी नोला उतरली नाही.

"सगळ्या गावासमोर माझं हसं केलंस," ती म्हणाली.

"हसं नाही गं झालं."

"मग काय झालं? मी मूठ वर करून उभी, आणि हा राजा पाच बोटं दाखवतोय. तुला हवं तरी काय होतं क्लेम?"

"नदीवर जायचं होतं."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

क्लेमने समोरच्या काचेतून अंगणातल्या लाकडांच्या ढिगाकडे बघितलं. "रॉजरने विचारलं ना," तो म्हणाला. "त्याने विचारल्यावर काय म्हणू? दे तुझं कुरण? माणसाने विचारलं की हरकत नाहीच म्हणावं लागतं. मला विचारायलाच नको होतं कुणी."

नोलाला त्याचा इतका राग आला की त्या रात्री तिने भोपळा सालीसकट शिजवला. आणि मग नळ सोडून, आवाज ऐकू जाऊ नये म्हणून, मोरीशी उभी राहून रडली. रागाने रडली, की त्याचं म्हणणं तिला नीट कळलं म्हणून, ते तिचं तिलाच ठाऊक.

वसंतात वाट झाली. फीत कापली, सॉसेज भाजले, भाषणं झाली. फेनेलाने कुरिंबाच्या एकमतावर एक छान अहवाल लिहिला आणि तो म्हणे मेलबर्नला एका परिषदेत वाचला गेला. ट्रिशच्या घोड्यांनी मऊ मातीची वाट सोडून खडीवरूनच चालायला सुरुवात केली. ऑर्किड उगवलं नाही. एरल म्हणाला, कठड्याने त्याला संकोच झाला असेल.

क्लेम रोज दुपारी स्कूटर घेऊन निघे आणि कुंपणापर्यंत जाई. बाकाशेजारी गाडी उभी करून बसे. समोर तार, तारेपलीकडे गाई, गाईंच्या पलीकडे उंच झाडांची रांग, आणि त्या झाडांच्या पायथ्याशी नदी, जी तिथून दिसत नव्हती. पहिले काही दिवस रॉजर तारेशी येऊन बोलायचा. मग त्याचं येणं कमी झालं. मग तो लांबूनच बोट वर करायचा. पुढे पुढे दुपारच्या वेळी त्याला गोठ्यामागे काहीतरी काम निघायला लागलं. क्लेमने कसली तक्रार केली नाही, सुस्कारा टाकला नाही, नदीचं नावही काढलं नाही. नुसता यायचा आणि तारेसमोर बसायचा, रोज, ऊन असो की ढग. कुणी कुणाला याहून जास्त छळलेलं कुरिंबात ऐकिवात नाही, आणि क्लेमच्या मनात तसं काही नव्हतं हे त्यातलं सगळ्यात वाईट.

नोलाला तिचे दोन तास मिळाले. ते ती भरावाच्या बाजूच्या खिडकीशी उभी राहून घालवायची.

एक दिवस क्लेमला उशीर झाला. चहाची वेळ टळली. नोलाने आधी मनातल्या मनात चार शब्द सुनावले, मग काळजी वाटायला लागली, आणि मग ती एप्रनवरच निघाली. वाट सगळी रिकामी. ऑर्किडचा कठडा मागे पडला, तरी स्कूटर दिसेना. ती जवळजवळ पळतच कुंपणापाशी पोचली. बाक रिकामा होता.

तारेत एक फाटक होतं. काल-परवापर्यंत नव्हतं. लाकूड जुनं, बिजागऱ्या नव्या, रुंदी इतकीच की एक स्कूटर जावी आणि गाय जाऊ नये. साखळी होती, पण ती लावलेली नव्हती, नुसती लोंबत होती. पलीकडे गवत दबून चाकांच्या दोन रेघा गेल्या होत्या, गाईंच्या मधून, सरळ झाडांकडे.

नोला फाटकातून आत गेली, झाडांपर्यंत गेली. पुलाखाली, पाण्याच्या काठाशी, स्कूटर तिरकी उभी होती. क्लेम तिच्यावरून उतरून ओल्या वाळूत बसला होता, पाय पाण्यात. हातात गळ नव्हता, काही नव्हतं. पाठमोरा होता. तिला त्याला हाक मारावीशी वाटली, उतरलास कसा, चढणार कसा, थंडी भरेल. तिने तोंडावर हात ठेवला आणि आली तशी मागे फिरली.

ती कुरण ओलांडत असताना हमरस्त्याच्या बाजूने रॉजरची पिकअप आली आणि तिला बघून थांबली. त्याने काच खाली केली.

"पाऊस येईलसं वाटतं," रॉजर म्हणाला.

"वाटतं खरं," नोला म्हणाली.

"पाचच्या सुमाराला मी तिकडे नदीवर पाण्याचा पंप बघायला जातो. रोज जातो." तो स्टिअरिंगकडे बघत होता. "लागला कुणाला उठायला हात, तर देता येतो."

"पंप चालू राहायला हवा," नोला म्हणाली.

रॉजरने मान हलवली आणि गाडी पुढे काढली.

ती घरी पोचली तेव्हा फोन वाजत होता. फेनेला होती, मेलबर्नहून, अगदी उत्साहात. निधीचा पुढचा हप्ता जाहीर झाला होता. कुरिंबाचं एकमत इतकं गाजलं होतं की दुसऱ्या टप्प्याला, म्हणजे कुंपणापासून नदीपर्यंत, पैसे मिळायची चांगली शक्यता होती. फक्त पुन्हा एकदा सगळ्या संबंधित घटकांना बोलवायचं, रॉजरना बोलवायचं, क्लेमना बोलवायचं, एकेकाला मोकळेपणाने विचारायचं.

"त्या दिवशी तुमची मूठ मी विसरले नाही," फेनेला म्हणाली. "म्हणून पहिला फोन तुम्हाला. सांगा नोला, नदीपर्यंत जायची गावात कुणाची इच्छा आहे का?"

खिडकीतून नोलाला भरावावरून स्कूटर येताना दिसली. क्लेमची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती, चाकांना चिखल होता, आणि तो शीळ घालत होता.

"नाही गं पोरी," नोला म्हणाली. "कुणालाच जायचं नाही."